भाव नसलेला बाजार

(गावातल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, वाचण्यासाठी थोडं सरळ करून)

मंडळी, नमस्कार.

एकतीस वर्षं मी कांद्याच्या लिलावात वही घेऊन ट्रॉलीमागून ट्रॉली हिंडलो. इथं बसलेल्या कितीतरी जणांच्या सौदापट्ट्या माझ्या हातच्या आहेत. आज पत्त्यांच्या एका खेळाबद्दल बोलणार आहे, आणि तो खेळही बाजाराचाच आहे. मागच्या साली लेकीकडं शिकागोला गेलो होतो. तिथल्या एका संग्रहालयात एका संध्याकाळी हा खेळ सगळ्यांनी बसून खेळायचा कार्यक्रम होता. लेक, जावई, दहा वर्षांची नात आणि मी असे तिकीट काढून गेलो. परत आल्यापासून ती संध्याकाळ मनातून जात नाही, म्हणून वाचनालयानं विचारल्यावर हाच विषय दिला.

खेळाचं नाव 'पिट'. अमेरिकेतल्या सेलम गावच्या पार्कर ब्रदर्स कंपनीनं तो १९०४ साली काढला. एडगर केसी नावाच्या माणसाला त्याचं श्रेय देतात. त्याच्या आदल्या वर्षी, १९०३ मध्ये, कॅन्सस राज्यातल्या टोपीका गावी जवळपास याच रीतीचा एक खेळ निघाला होता. त्यात धान्याऐवजी रेल्वे कंपन्यांचे शेअर होते. कुणी कुणाचं उचललं या वादात मी पडत नाही. सव्वाशे वर्षं होत आली तरी 'पिट' अजून छापला जातो, एवढं खरं.

पिट म्हणजे खड्डा. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड हा तिथला मोठा धान्यबाजार. त्यात व्यापारी जिथं उभे राहून सौदे करायचे त्या जागेला पिट म्हणत. आपल्या जुन्या बारवा डोळ्यांपुढं आणा, सगळ्या बाजूंनी पायऱ्या उतरत आत जाणाऱ्या. तशीच एक अष्टकोनी, कोरडी बारव. बाहेरून चढायचं आणि आत उतरायचं. पायऱ्या अशासाठी, की मागं उभा राहिलेल्यालाही पुढच्याच्या डोक्यावरून पलीकडच्याचं तोंड आणि हात दिसावेत. या घडणीचं १८७८ साली पेटंटसुद्धा घेतलेलं आहे. आपल्याकडं ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन, फाळक्याला धरून माणसं उभी राहतात ना, तेही त्याचसाठी.

आता खेळ सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. जुन्या डावात सात माल आहेत: गहू, जव, मका, राय नावाचं थंड मुलखातलं धान्य, ओट, वाळलेलं गवत आणि आपलं चटणीचं जवस. प्रत्येकाचे नऊ पत्ते. जितके खेळणारे तितके माल घ्यायचे. पाच जण असले तर पाच मालांचे पंचेचाळीस पत्ते पिसून नऊ-नऊ वाटायचे. पाळी अशी नाहीच, सगळ्यांनी एकदम ओरडायचं. हातातले एकाच मालाचे एक ते चार पत्ते उपडे धरायचे आणि नग पुकारायचा, 'दोन! दोन! दोन!' दुसरा कुणी दोन म्हणत असेल तर त्याच्याशी अदलाबदल. काय देतोय ते सांगायचं नाही. एकाच मालाचे नऊच्या नऊ ज्याच्या हातात जमले त्यानं मधली घंटी वाजवायची. त्याला 'कॉर्नर' म्हणतात. गव्हाचा कॉर्नर १०० गुणांचा, जवाचा ८५, मक्याचा ७५, रायचा ७०, ओटचा ६०, गवताचा ५० आणि जवसाचा सगळ्यांत कमी, ४०. आधी ५०० करील तो जिंकला.

शिवाय दोन जादा पत्ते आहेत, बैल आणि अस्वल. बैल म्हणजे तेजी, अस्वल म्हणजे मंदी. बैल कुठल्याही मालात चालतो, पण दुसऱ्यानं घंटी मारली तेव्हा तो तुमच्या हातात असला तर २० गुण वजा. अस्वल हातात असेपर्यंत जिंकताच येत नाही, आणि राहिलं तर तेही २० वजा. म्हणून ते चांगल्या पत्त्यांत लपवून दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं. हे दोन पत्ते आम्ही उशिरा घेतले, आधी साधेच डाव झाले.

सभागृहात नऊ-दहा टेबलं मांडली होती. एका कडेला काचेच्या पेटीत जुना डाव ठेवलेला. पत्त्यांचे कोपरे गोल झिजलेले, कागद चहा सांडल्यासारखा पिवळा. कुणाच्या तरी घरात रोज रात्री पिसला गेलेला डाव असणार तो. खेळायला आम्हाला नवी छपाई दिली होती आणि प्रत्येक टेबलावर पितळी घंटी. सुरुवातीला सगळे अवघडलेले. अनोळखी माणसं समोरासमोर बसली की कुणी आवाज चढवत नाही. संग्रहालयातल्या बाईंनी 'सुरू' म्हटलं आणि मिनिटाभरात तो हॉल आपल्या लिलावासारखा दणाणून गेला. मी डोळे मिटून ऐकलं. शब्द परके होते, पण चाल ओळखीची होती. आधी सगळे एकदम, मग एक आवाज वर चढतो, बाकीचे त्याच्याकडं वळतात.

पहिल्या डावात माझ्या तोंडून काही फुटलं नाही. जन्मभर दुसऱ्यानं पुकारलेलं लिहिलेलं. दुसऱ्या डावात हातात सहा मके आणि तीन जवस आले. तीन पत्ते वर धरले आणि आवाज आपोआप निघाला, 'तीन! तीन! तीन!' तोही मराठीत. पलीकडच्या बाईंनी बोटं बघितली आणि लगेच पत्ते पुढं केले. चौथ्या डावापर्यंत त्या आणि त्यांचा मुलगाही 'तीन, तीन' म्हणत होते. माझी नात मला खुणावत होती, आजोबा, अजून मोठ्यानं.

गुण लिहायचं काम माझ्याकडं आलं. कागद-पेन्सिल हातात आल्यावर मी सवयीनं रकाने आखले: नाव, माल, नग, भाव. आठ डाव झाल्यावर कागद बघितला. तीन रकाने भरलेले. चौथा कोरा.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की या खेळात भावच नाही. बाजाराचा खेळ, त्यातही शिकागोच्या बाजाराचा, जिथला भाव तारेनं जगभर जायचा, आणि खेळात भाव नाही. दोनाला दोन, तीनाला तीन, नेहमी बरोबरीनं. गहू कितीला आणि ओट कितीला हे कुणी कुणाला विचारत नाही. लिलावात नेमकं उलटं असतं. तिथं माल सगळ्यांसमोर ओतलेला असतो. व्यापारी ओंजळभर उचलतो, पापुद्रा सोलतो, कोंब आलाय का बघतो, गोल्टी म्हणजे बारीक कांदा किती, जोडकांदा किती ते बघतो आणि मग पुकारतो तो भाव. खेळात माल उपडा, भाव गायब, आणि आरडाओरडा सगळा नगाचा.

हा खेळाचा दोष म्हणून सांगत नाही. भाव घातला असता तर खेळ मंदावला असता, माणसं हिशोब करत बसली असती. पण त्या कोऱ्या रकान्यानं मला विचारात पाडलं. भाव ही काय चीज आहे? आपण रोज म्हणतो, आज भाव फुटला, आज भाव पडला, पावसासारखा. जणू तो वरून येतो. मी एकतीस वर्षं त्याच्या शेजारी उभा होतो. माझ्या लेखी भाव म्हणजे दहा जणांच्या कानांदेखत मोठ्यानं बोललेला शब्द.

एक प्रसंग सांगतो. साल आणि ठिकाण सांगत नाही. उन्हाळ कांद्याचा हंगाम, आवक मोठी, दोन ट्रॅक्टर चालूच ठेवलेले, त्यांचा आवाज. एका शेतकऱ्याची ट्रॉली सुटली आणि मी लिहिलं, अकराशे एकवीस. तो खाली उतरून माझ्याजवळ आला. म्हणाला, 'भाऊसाहेब, बाराशे एकवीसला गेला माझा माल.' खरेदीदार म्हणाला, अकराशेच. क्विंटलला शंभराचा फरक, ट्रॉलीत बावीस क्विंटल, म्हणजे बावीसशे रुपये. त्या माणसाच्या घरी त्या पैशात काय-काय होणार होतं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. प्रकरण वांधा समितीपर्यंत, म्हणजे बाजारातले तंटे मिटवणाऱ्यांपर्यंत जाणार, इतक्यात ज्याची बोली मागं पडली होती तो दुसरा व्यापारी परत आला. म्हणाला, 'अहो, माझीच बोली बाराशे वीस होती. त्यावर हे एक रुपयानं गेले. मग अकराशे एकवीस कसं होईल?' शेजारच्या ट्रॉलीवरचा पोरगाही तेच म्हणाला, हमालही तेच म्हणाला. खरेदीदारानं मान्य केलं. मी खोडून नवा आकडा लिहिला, शेजारी सही केली. चूक माझी होती. वहीत ती पकडली गेली नसती. लोकांनी ऐकलं होतं म्हणून पकडली गेली.

माझे आजोबा रुमालाखालच्या सौद्याच्या गोष्टी सांगायचे. व्यापारी आणि आडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणारा, समोरासमोर बसायचे, हातांवर रुमाल नाहीतर उपरण्याचं टोक टाकायचे आणि खाली बोटं दाबून भाव ठरायचा. तोंडानं एक शब्द नाही. ज्याचा माल तो शेजारीच उकिडवा बसलेला असायचा आणि त्याला रुमाल हलताना दिसायचा, बस्स. सांगलीच्या हळदीच्या बाजारात ही रीत पुष्कळ वर्षं चालली. तिची बाजू घेणारे सांगतात की गर्दीत वाद होत नाहीत, एकाचा भाव दुसऱ्याला कळून चढाओढ बिघडत नाही. मला ते पटत नाही. ज्या भावाला दोनच साक्षीदार, आणि तेही दोघं व्यापारातलेच, तो भाव उद्या बदलला तर शेतकऱ्यानं कुणाला हाक मारायची?

आपल्याकडं हे बदलायला फार वर्षं लागली. वऱ्हाडात कारंजा इथं १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, तो देशातला पहिला मानतात. त्यामागं शेतकऱ्याच्या कळवळ्यापेक्षा मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस रास्त दरात मिळावा हा हेतू मोठा होता. पण सुरुवात तिथून झाली. महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा. उघड लिलाव, वजन काट्यावर, पट्टी हातात. या तीन गोष्टींसाठी दोन पिढ्या गेल्या, हे आजच्या तरुणांना सांगावंसं वाटतं, कारण बाजार समितीतल्या त्रुटी बोलताना आपण ते विसरतो. त्रुटी मी आतून बघितल्या आहेत. तरी उघड्यावर पुकारलेला भाव ही मिळवलेली गोष्ट आहे.

शिकागोकडं वळतो. बोर्ड ऑफ ट्रेड ३ एप्रिल १८४८ ला ८२ व्यापाऱ्यांनी स्थापन केला. त्याच साली शिकागोला नद्यांशी जोडणारा कालवा सुरू झाला आणि पहिली रेल्वेही धावली. त्याआधी शेतकऱ्याचा गहू पोत्यात यायचा. पोतं विकलं जाईपर्यंत त्यातला गहू त्याचाच. मग एलिव्हेटर आले, वाफेच्या यंत्रावर धान्य उचलून साठवणारी उंच कोठारं. त्यात पोती परवडत नाहीत, धान्य पाण्यासारखं ओतावं लागतं. याचा आणि त्याचा गहू एकत्र झाला. मग कुणाला काय परत द्यायचं? म्हणून १८५६ पासून बोर्डानं गव्हाच्या जाती आणि प्रती ठरवायला सुरुवात केली. बुशेल हे तिकडचं धान्याचं माप, गव्हाचं सत्तावीस किलोचं. कोठारात इतके बुशेल अमुक प्रतीचा गहू आहे अशी पावती मिळू लागली, आणि पावतीच हातोहात विकली जाऊ लागली. शेतकऱ्याचं नाव गव्हावरून तिथं पुसलं गेलं. पत्त्यावर 'गहू' एवढंच का लिहिलेलं असतं त्याचं उत्तर मला इथं मिळालं. तो पत्ता म्हणजे ती पावतीच आहे.

पावती विकता येते तर न पिकलेला माल का विकता येऊ नये? १३ मार्च १८५१ ला तीन हजार बुशेल मका जूनमध्ये द्यायचा असा सौदा शिकागोत झाला, त्या दिवशीच्या भावापेक्षा एक सेंट कमी दरानं. १८६५ मध्ये त्याचे पक्के नियम झाले आणि वायदेबाजार उभा राहिला. मी वायद्याच्या विरोधात नाही. मका पेरलेल्या माणसाला जूनचा भाव मार्चमध्ये बांधून मिळत असेल तर त्याची झोप सुखाची होते. पण वायद्यात एक गोम आहे. ज्याच्याजवळ माल नाही तोही विकू शकतो. मुदत आली की त्याला तो कुठून तरी विकत घेऊन द्यावाच लागतो. त्याच वेळी दुसऱ्या कुणी सगळा हजर माल, म्हणजे प्रत्यक्ष बाजारात असलेला माल, आपल्या मुठीत घेतला असेल, तर तो म्हणेल तो भाव. याला म्हणायचं कॉर्नर. आपल्या शब्दांत कोंडी. बोर्डानं १८६८ मध्येच कॉर्नर म्हणजे लबाडी असं जाहीर केलं होतं. थांबला मात्र नाही.

सगळ्यांत गाजलेली कोंडी जोसेफ लायटरची. १८९७ साल, इकडं पुण्यात प्लेग आणि रँडचा खून झाला ते. युरोपात गव्हाचं पीक बुडालं होतं. लायटर शिकागोतल्या बड्या धनाढ्याचा मुलगा. मेरी लायटर ही त्याची बहीण, जी पुढं लॉर्ड कर्झनची बायको म्हणून कलकत्त्याला राहिली. या तरुणानं गहू घ्यायला सुरुवात केली आणि घेतच राहिला. फिलिप आर्मर नावाच्या मुरलेल्या व्यापाऱ्यानं त्याला डिसेंबरचा गहू विकलेला होता. लायटरचा हिशोब असा की थंडीत तळी गोठतात, जहाजं येणार नाहीत, आर्मरला माझ्याकडंच यावं लागेल. आर्मरनं बर्फ फोडणाऱ्या बोटी लावल्या, तळ्यातली वाट मोकळी ठेवली आणि उत्तरेकडून लाखो बुशेल गहू शिकागोत आणून ओतला. लायटरनं तोही घेतला. मे १८९८ मध्ये बुशेलचा भाव १ डॉलर ८५ सेंटपर्यंत चढला. त्याच महिन्यात इटलीत, मिलान शहरात, पावाच्या महागाईवरून लोक रस्त्यावर आले आणि लष्करानं त्यांच्यावर तोफा डागल्या. त्या महागाईला इतरही कारणं होती, स्पेनशी अमेरिकेचं युद्ध पेटलं होतं. पण शिकागोतला तो भाव त्या पावात होताच. जूनमध्ये नवा गहू आला, भाव कोसळला आणि लायटरच्या बापाला मिळकती विकून मुलाची देणी फेडावी लागली.

हे झालं गव्हाचं. पुढचं ऐकताना तुम्ही जागेवरून हलणार नाही, कारण ते कांद्याचं आहे. १९५५ मध्ये शिकागोच्या दुसऱ्या बाजारात, मर्कंटाइल एक्स्चेंजमध्ये, कांद्याचा वायदा चालायचा. व्हिन्सेंट कोसुगा हा न्यूयॉर्क राज्यातला कांदा पिकवणारा आणि सॅम सीगल हा व्यापारी, या दोघांनी मिळून शिकागोत आलेला जवळजवळ सगळा कांदा गोळा केला, तीन कोटी पौंड. आपल्या मापात एक लाख छत्तीस हजार क्विंटल. मग त्यांनी उलटा डाव टाकला. भाव पडेल अशा पैजेचे वायदे विकले आणि साठवलेला कांदा बाजारात सोडला. खराब होत चाललेला कांदा गाडीनं बाहेर पाठवायचा, निवडून, पुन्हा गोण्यांत भरून परत आणायचा, म्हणजे लोकांना वाटावं की नवी आवक येतेय. ऑगस्ट १९५५ मध्ये पन्नास पौंडाची गोणी पावणेतीन डॉलरला होती. मार्च १९५६ मध्ये ती दहा सेंटला आली. रिकामी गोणी त्याहून महाग होती. शेतकऱ्यांनी कांदा फेकून दिला. यातलं एकही वाक्य तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. रस्त्याच्या कडेला कांदा ओतणं काय असतं हे आपल्या तालुक्यात लहान पोरालाही माहीत आहे.

तिथले शेतकरी गप्प बसले नाहीत. मिशिगनचे खासदार जेराल्ड फोर्ड, जे पुढं राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी विधेयक आणलं आणि २८ ऑगस्ट १९५८ ला कायदा झाला. अमेरिकेत आजही कांद्याचा वायदा करता येत नाही. गव्हाचा करता येतो, मक्याचा येतो, सोन्याचा येतो. कांद्याचा नाही. कायदा बरोबर की चूक यावर तिकडचे अर्थशास्त्री अजून भांडतात. मला एवढंच दिसतं की एका पिकाचे शेतकरी एकत्र आले आणि त्यांनी आपलं म्हणणं कायद्यात उतरवून घेतलं.

इथं एक गोष्ट ठासून सांगतो, कारण भाव चढला की शहरातून आपल्यावर आरोप येतो. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे शेतावरच्या कांदा साठवायच्या हवेशीर छपरात, ठेवणं म्हणजे कोंडी नाही. चाळीतला कांदा रोज वजनाला घटतो, सडतो, कोंब धरतो. तो ठेवणारा हजारोंपैकी एक असतो आणि शेजाऱ्यानं कधी काढला हे त्याला माहीत नसतं. कोंडीला सगळा माल एका मुठीत लागतो.

आणि या एका बाबतीत खेळ अगदी खरा आहे. कॉर्नर कुणालाही एकट्याला जमत नाही. त्याचे नऊ पत्ते बाकीच्यांनीच त्याला दिलेले असतात. मला ओट नकोत म्हणून मी दिले, तुला नकोत म्हणून तू दिलेस, आणि दोघांनाही ठाऊक नाही की ते एकाच हातात चाललेत. पाच-सहा डावांनंतर मला एक खूण सापडली. एखादा माल फिरायचा थांबतो. मघापर्यंत रायचे पत्ते येत होते, आता एकही येत नाही. म्हणजे कुणीतरी राय धरून बसलाय. नातीला कानात सांगितलं. तिनं राय सोडून दिली, मका धरला आणि पुढच्या मिनिटात घंटी वाजवली. ती घंटी अजून कानात आहे माझ्या.

खेळ संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ उभे राहिले. तीस वर्षं मक्याच्या पिटमध्ये उभे राहिलेले. त्यांनी हातांची भाषा दाखवली. तळहात स्वतःकडं म्हणजे घेतो, तळहात बाहेर म्हणजे विकतो. हात अंगापासून पुढं धरून दाखवलेली बोटं भावाची, चेहऱ्याजवळची बोटं नगाची. हनुवटीशी एकम, कपाळाशी दशक. एक ते पाच उभ्या बोटांनी, सहा ते नऊ आडव्या. एक नग म्हणजे पाच हजार बुशेल, आणि भाव पाव सेंटनं हलला की एका नगाला साडेबारा डॉलरचा फरक. हे ते तोंडानं सांगत होते आणि हात त्यांच्याही आधी पोचत होते. ऐंशीच्या घरातला माणूस, पण बोटं सुतासारखी सरळ.

चहाच्या वेळी लेकीला मधे घेऊन मी त्यांच्याशी बोललो. खिशातला रुमाल काढला, त्यांचा हात हातात घेतला, वर रुमाल टाकला आणि आजोबांनी दाखवली होती तशी बोटं दाबली. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. लेकीनं समजावल्यावर पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, 'मग बाजूच्यांना कसं कळतं?' मी म्हटलं, कळत नाही. त्यांनी मान हलवली आणि रुमालाखालचा हात तसाच थोडा वेळ धरून ठेवला.

शिकागोतले वायद्याचे बहुतेक पिट जुलै २०१५ मध्ये बंद झाले. सौदे आधीच संगणकावर गेले होते. मी त्यांना विचारलं, पडद्यावर तर सगळ्या जगाला भाव दिसतो, मग गेलं काय? ते म्हणाले, भाव दिसतो, बोलणारा दिसत नाही. पूर्वी समोरच्याची मान लाल झाली की कळायचं, हा अडचणीत आहे. आपल्याकडंही २०१६ पासून ई-नाम हा सरकारी ऑनलाइन शेतमाल बाजार आला, भाव मोबाइलवर येतो, आणि ते चांगलं आहे. घरी बसलेल्या बाईलाही आज मका काय भावानं गेला ते कळतं. तरी ट्रॉलीजवळ उभं राहून कुणीतरी मोठ्यानं म्हणावं, बाराशे एकवीस, आणि चार जणांनी ते ऐकावं, असं मला मनापासून वाटतं. बावीसशे रुपये मी तसेच वाचलेले बघितले आहेत.

बरं, मागं पाच टेबलं मांडली आहेत. मी आणि माझ्या नातवानं जाड पुठ्ठ्याचे पत्ते केले आहेत. लाल कांदा, उन्हाळ कांदा, मका, सोयाबीन, गहू, द्राक्षं, टोमॅटो. प्रत्येकाचे नऊ. कांदा दोन्ही प्रकारचा शंभराला ठेवलाय, त्यावर भांडू नका. घंटी मिळाली नाही म्हणून पितळी वाट्या आणि चमचे आहेत. पहिल्या डावाला मुलांना बसू द्या. शकुंतलाताई, तुमचा आवाज मोठा आहे, तुम्ही पहिल्या टेबलावर या. आणि गुण लिहायला कागद ठेवलेत. रकाने आखूनच आणलेत मी, चारही.